शिसव, ऐन आणि विजेची गिटार

शिसवी पलंग, शिसवी देव्हारा, शिसवी झोपाळा! आपल्या भाषेत ‘शिसवी’ हा शब्द नुसते लाकडाचे नाव सांगत नाही. तो घराची ऐपत सांगतो. पण हेच काळसर, जड, तुळतुळीत लाकूड साता समुद्रांपलीकडे जाऊन विजेच्या गिटारीवर बसते आणि तिकडचे वादक त्यावर बोटे नाचवतात, हे किती जणांना ठाऊक असेल?

मला ते कळले भाच्यामुळे. आमचे गाव शिक्रापूर. चाकणकडचा रस्ता पुणे-नगर रस्त्याला येथेच येऊन मिळतो, त्यामुळे अहोरात्र ट्रकांची वर्दळ. आमच्याकडे सुताराचे लाकूड म्हणजे बाभूळ. नांगर बाभळीचा आणि गाडीचे चाकही बाभळीचे. अशा गावात भाच्याने हौसेने विजेची गिटार आणली, आणि दोनच दिवसांत त्याचे तोंड उतरले.

“मामा, मित्र म्हणतात हा हलका माल आहे. हिची पट्टी रोजवुडची नाही, लॉरेलची आहे. दुकानदार बदलून द्यायला तयार आहे, पण दुप्पट पैसे पडतील.”

दुप्पट पैसे म्हणजे कारखान्यातला त्याचा दोन महिन्यांचा पगार! मी म्हटले, “थांब बाबा, आधी हे लॉरेल म्हणजे काय ते तरी पाहू.”

सतारीच्या दांडीवर जसे पडदे असतात, तसे गिटारीच्या मानेवर धातूचे पडदे असतात. त्यांना फ्रेट म्हणतात. ते ज्या पातळ पट्टीत ठोकून बसवतात ती पट्टी म्हणजे फिंगरबोर्ड. तार दाबताना बोट टेकते ते हिच्यावरच. म्हणून ही पट्टी कठीण हवी, घामाला दाद न देणारी हवी आणि पडदे घट्ट धरून ठेवणारी हवी. या कामाला परंपरेने तीन लाकडे मान्य झालेली आहेत: आबनूस, रोजवुड आणि मेपल.

अमेरिकेतल्या फेंडर कंपनीने १९५० साली विजेच्या भरीव गिटारी बाजारात आणल्या, तेव्हा त्यांची मान आणि पट्टी मेपलच्या एकाच तुकड्यातून काढलेली असे. मेपल गोरे लाकूड. त्याला रोगण लावावे लागते, आणि बोटांखाली रोगण झिजले की पट्टी मळकट दिसू लागते. रोजवुड मुळातच काळसर आणि तेलकट. त्याला रोगणाची गरज नाही. १९५८ साली ‘जॅझमास्टर’ या नव्या गिटारीवर कंपनीने रोजवुडची पट्टी बसवली, आणि पुढच्याच वर्षी ती इतर गिटारींवरही आली.

हे रोजवुड तेव्हा ब्राझीलचे असे. तिकडची जंगले विरळ झाली, ओंडक्यांच्या निर्यातीवर बंधने आली, आणि गिटारवाल्यांची नजर हिंदुस्थानाकडे वळली. मार्टिन या जुन्या कंपनीने १९६९ साली हा बदल केला. त्यांचे ‘इंडियन रोजवुड’ म्हणजे दुसरेतिसरे काही नसून आपली शिसव! एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या कोरीव फर्निचरमुळे हेच लाकूड ‘बॉम्बे ब्लॅकवुड’ या नावाने साहेबाच्या दिवाणखान्यात पोहोचलेच होते. पुढे १९९२ साली ब्राझीलच्या रोजवुडचा आंतरराष्ट्रीय व्यापार जवळजवळ बंदच झाला, आणि शिसवीचा भाव आणखी वधारला.

मात्र मागणी वाढली की झाडाच्या मुळावर घाव येतो. २ जानेवारी २०१७ पासून ‘सायटीस’ या आंतरराष्ट्रीय कराराने शिसवीच्या कुळातल्या सगळ्या झाडांच्या व्यापारावर नियंत्रण आणले. एकेका गिटारीसाठी परवान्याचे कागद गोळा करता करता कंपन्या मेटाकुटीला आल्या. नोव्हेंबर २०१९ मध्ये तयार वाद्यांना सूट मिळाली खरी. पण तोवर बऱ्याच जणांनी दुसरी वाट धरली होती. कोणी दक्षिण अमेरिकेतले पाऊ फेरो घेतले, कोणी भट्टीत भाजलेले मेपल, तर कोणी कागद आणि राळ दाबून केलेली काळी पट्टी. आणि स्वस्त गिटारींवर आले ‘इंडियन लॉरेल’.

खरी गंमत येथेच आहे. हे इंडियन लॉरेल म्हणजे आपला ऐन! सुसरीच्या पाठीसारखी खवल्याखवल्यांची साल असलेला, सह्याद्रीत आणि कोकणात जागोजागी दिसणारा, विदर्भात ज्याच्या पानांवर टसर रेशमाचे किडे पोसतात तोच हा ऐन. घराच्या तुळया-वाशांना आपण तो पिढ्यान् पिढ्या वापरत आलो. कठीण, जड आणि टिकाऊ. त्याला हलका माल कोण म्हणेल?

राहिला आवाजाचा प्रश्न. विजेच्या गिटारीत तारेचे कंपन टिपतो तो तारांखालचा चुंबक आणि त्याच्याभोवतीचे तांब्याच्या तारेचे वेटोळे. पट्टीच्या लाकडाने आवाज किती बदलतो यावर वादक रात्र रात्र भांडतात; परंतु चुंबक, तारा आणि पडदे यांच्यापुढे तो फरक फार मोठा नव्हे. म्हणून गिटार घेताना लाकडाचे नाव विचारण्याआधी दोन गोष्टी पाहाव्यात. मानेच्या कडेवरून अंगठा फिरवावा; पडद्यांची टोके टोचता कामा नयेत. मग एकेका पडद्यावर तार दाबून छेडावी. कोठेही खरखर होता कामा नये. भाच्याच्या गिटारीची ही परीक्षा आम्ही ओसरीवर बसून घेतली. ती पास झाली, आणि त्याचा दोन महिन्यांचा पगार घरातच राहिला.

शिसव सावकाश वाढणारे झाड आहे, आणि जगातल्या धोक्यातल्या जातींच्या यादीत आज तिची नोंद ‘असुरक्षित’ अशी आहे. आजोबाने लावलेली शिसव नातवाच्या हाती लागायची. तिचा मान मोठा आहे यात शंका नाही. पण मान राखायचा तो झाड उभे ठेवून. नव्या गिटारीवर ऐन बसला म्हणून सुरांचे काही बिघडत नाही, आणि सह्याद्रीतल्या एखाद्या शिसवीला आणखी थोडी वर्षे सावली देता येते.