विद्यापीठाची पत आणि विद्यार्थ्याचें भांडवल

परीक्षा संपत आल्या, कीं मध्यमवर्गीय घरांत जेवणाच्या वेळीं एक प्रश्न हमखास निघतो: पुढें काय? पूर्वीं या प्रश्नाला दोनतीनच उत्तरें असत. नोकरी, परदेशगमन, नाहींतर वडिलांचा धंदा. आतां एक चौथें उत्तर ऐकूं येऊं लागलें आहे. मुलगी म्हणते, "बाबा, हातीं आलेली नोकरी मी घेत नाहीं. आम्ही तिघांनीं मिळून एक यंत्र तयार केलें आहे. त्याची कंपनी काढणार आहों. भांडवल कॉलेजामार्फत उभें राहील." बाबांचा घास हातांतच राहतो, आणि आई विचारते, "अग, पण तुम्हांला पैसे देणार कोण, आणि कशाच्या भरंवशावर?"

श्रोतेहो, आईचा हा प्रश्न अगदीं मुद्द्याचा आहे. आजच्या भाषणांत त्याचेंच उत्तर शोधावयाचें आहे.

पेढी किंवा बँक कर्ज देते तें तारण पाहून, अथवा चालू धंद्याची मिळकत पाहून. विद्यार्थ्याजवळ या दोन्हींपैकीं कांहींच नसतें. म्हणून त्याला मिळणारा पैसा बहुधा कर्जाऊ नसतो. तो भागीदाराचा असतो. धंदा बुडाला तर भागीदाराचे पैसे बुडाले. फळला तर त्याच्या हिश्शाप्रमाणें त्याला लाभ. अशा दहा धंद्यांपैकीं बरेचसे बुडणार, हें तो धरूनच चालतो; एखाददुसरा अनेक पटींनीं फळावा, एवढीच त्याची अपेक्षा. परंतु कोणावर पैसे लावावे, हें त्यानें ठरवावें कसें? अनोळखी पोराच्या हुशारीची आणि सचोटीची ग्वाही कोणी तरी द्यावी लागते. विद्यापीठाचें खरें काम येथें सुरू होतें. तें स्वतःजवळचा पैसा थोडा देतें; पत मात्र पुष्कळ देतें.

अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचें उदाहरण घ्या. लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन हे तेथील दोन संशोधक विद्यार्थी. माहितीच्या जाळ्यांतील पानांची योग्यता ठरविण्याची एक युक्ति त्यांनीं शोधून काढली होती. त्यांची गांठ अँडी बेक्टोल्शाइम यांच्याशीं घालून दिली ती त्याच विद्यापीठांतील प्राध्यापक डेव्हिड चेरिटन यांनीं. बेक्टोल्शाइम हेहि एके काळीं तेथेंच शिकत होते. १९८२ सालीं 'सन' ही संगणकांची कंपनी स्थापन करणाऱ्यांत ते होते, आणि पुण्यांत जन्मलेले विनोद खोसला हे त्यांचे एक सहकारी. १९९८ च्या ऑगस्टांत चेरिटन यांच्या घराच्या ओसरीवर त्या दोघा तरुणांचें यंत्र पाहून बेक्टोल्शाइम यांनीं एक लाख डॉलरांचा चेक लिहून दिला. चेक 'गूगल' कंपनीच्या नांवें होता, आणि ती कंपनी अद्याप जन्मासच आली नव्हती! सप्टेंबरांत ती नोंदविली गेली, तेव्हां कुठें चेक वटवितां आला.

ही गोष्ट सांगतांना लोक चेकाचें कौतुक करितात. मला कौतुक वाटतें तें गुरुजींच्या परिचयाचें. बेक्टोल्शाइम आणि चेरिटन यांनीं पूर्वीं एकत्र धंदा केलेला होता. म्हणून एकाच्या शब्दावर दुसऱ्यानें वेळ काढला. विद्यापीठानेंहि आपला हक्क सोडला नाहीं. त्या युक्तीचें पेटंट स्टॅनफर्डच्या नांवावर होतें. तें वापरूं देण्याच्या बदल्यांत विद्यापीठानें कंपनीचे भाग घेतले, आणि २००५ सालापर्यंत ते विकून सुमारें तेहतीस कोटि साठ लाख डॉलर मिळविले.

आपल्याकडे हें कार्य संस्थेच्या आवारांतील 'इन्क्युबेटर' करितात. हा शब्द मूळचा अंडीं उबविण्याच्या पेटीचा, आणि तो येथें चपखल बसतो. जागा, प्रयोगशाळा, हिशेबाचा व कायद्याचा सल्ला, अनुभवी माणसांची भेट, ही ऊब तेथें मिळते. मग एखाद्या दिवशीं गुंतवणूकदारांना बोलावून प्रत्येक तुकडीला आपलें काम मांडण्यास कांहीं मिनिटें देतात. मुंबईस पवईच्या आय. आय. टी. मध्यें 'साइन' ही अशी संस्था २००४ पासून चालू आहे. केंद्र सरकारनें २०२१ सालीं ९४५ कोटि रुपयांची बीजभांडवलाची योजना काढली, तीहि अशाच केंद्रांमार्फत: कल्पना सिद्ध करून दाखविण्यासाठीं वीस लाखांपर्यंत अनुदान, आणि माल बाजारांत नेण्यासाठीं पन्नास लाखांपर्यंत कर्ज किंवा पुढें भागांत रूपांतर होणारे रोखे.

हें सर्व फुकट नसतें. शिक्षणखात्याच्या २०१९ च्या धोरणाप्रमाणें संस्थेनें आपली जागा, नांव, अध्यापकांचें साहाय्य किंवा पेटंट दिलें, तर बदल्यांत दोन ते साडेनऊ टक्के हिस्सा तिला घेतां येतो. त्याच धोरणानें विद्यार्थ्याला धंद्यासाठीं एक सत्र किंवा एक वर्ष अभ्यास थांबवून पुन्हां वर्गांत येण्याची सवलत देण्याची मुभा संस्थांना दिली आहे. ही सवलत आईवडिलांनीं अवश्य लक्षांत ठेवावी. धंद्याकडे जाणें म्हणजे पदवीला मुकणें, असें आतां राहिलेलें नाहीं.

आतां हिश्शाचा हिशेब आपल्या जुन्या आण्यांत करून पाहूं. संस्थेचा वांटा सोपेपणासाठीं बाजूस ठेवूं. धंदा सोळा आणे विद्यार्थ्यांचा आहे. त्याची आजची किंमत साठ लाख ठरली आणि एकानें वीस लाख घातले, तर एकूण किंमत झाली ऐंशी लाख, आणि त्याचा वांटा चार आणे. विद्यार्थ्यांकडे राहिले बारा. पुढें दुसरा आला व त्यानेंहि चौथा हिस्सा घेतला, तर विद्यार्थ्यांचे नऊ आणे उरतात, पहिल्याचे तीन आणि दुसऱ्याचे चार. वांटा घटला हें खरें. परंतु धंदा वाढला असेल तर नऊ आण्यांची किंमत पूर्वींच्या सोळांहून कितीतरी अधिक भरेल. मात्र तिसऱ्या-चौथ्या खेपेस मालकी व मताधिकार कोणाकडे जातो, हें पहिल्याच कागदावर सही करण्यापूर्वीं पाहावें. घाईनें अल्प पैशांत मोठा वांटा देऊन टाकला, तर पुढील गुंतवणूकदारहि बिचकतो. मूळ कर्त्यांनाच धंद्यांत गोडी उरणार नाहीं, अशी त्याला धास्ती वाटते.

आणखी एक कलम विसरूं नये. तिघां मित्रांनीं सारखे वांटे घेतले आणि एक जण सहा महिन्यांनीं नोकरीस निघून गेला, तर? त्याचा तिसरा हिस्सा त्याच्याकडेच राहिला, तर उरलेल्या दोघांनीं त्याच्यासाठीं राबावयाचें. म्हणून हिस्सा एकदम हातीं न येतां चारएक वर्षांत, काम केलें त्या प्रमाणांत यावा, असा करार मैत्री गाढ असतांनाच करावा. मैत्री तुटल्यावर करार होत नाहींत.

आणि काळ किती लागतो? पवईच्या विद्यार्थ्यांनीं २००७ सालीं काढलेली 'आयडियाफोर्ज' ही कंपनी 'साइन'मध्येंच वाढली. तिचें छोटें उडतें यंत्र २००९ च्या 'थ्री इडियट्स' चित्रपटांत पुष्कळांनीं पाहिलें असेल. पुण्याच्या संरक्षण संशोधकांबरोबर तिनें 'नेत्र' नांवाचें मानवरहित विमान बनविलें. २०१६ सालीं इन्फोसिससारख्या कंपनीनें तींत पैसा घातला. आणि २०२३ सालीं ६७२ रुपयांस एक याप्रमाणें तिचे भाग जनतेस विकले गेले. म्हणजे सोळा वर्षें! पहिल्या दिवशीं भाव जवळजवळ दुप्पट झाला, आणि पुढें तो मूळ किमतीच्याहि खालीं उतरला. यशाच्या कथेंतहि असे चढउतार असतात.

तेव्हां त्या जेवणाच्या पाटावर परत येऊं. बाबांनीं रागावण्याचें कारण नाहीं, आणि घर गहाण टाकण्याचें तर मुळींच नाहीं. त्यांनीं घास खालीं ठेवून एवढेंच विचारावें: "बाळ, तुमचें यंत्र पैसे मोजून घेणारा एक तरी गिऱ्हाईक भेटला आहे का? तुम्हां तिघांचा करार लेखी आहे का? आणि तुमच्या कामाविषयीं स्वतःचा शब्द खर्च करील, असा एक तरी अध्यापक आहे का?" तिन्हीं उत्तरें होकारार्थी आलीं, तर एक वर्ष तिला द्यावें. नकारार्थी आलीं, तर तीं मिळवून आणण्यास सांगावें; तेवढ्या खटपटींतच तिची पुष्कळशी परीक्षा होऊन जाईल.