पहिला कृषिलेख: आराखडा आधी, लेखणी नंतर

कृषी विस्तार कार्यकर्ते आणि प्रयोगशील शेतकरी यांच्याजवळ लिहिण्यासारखे पुष्कळ असते. हंगामभर घेतलेल्या नोंदी असतात, बांधावर ऐकलेले प्रश्न असतात आणि फसलेल्या वा साधलेल्या उपायांचा अनुभव असतो. तरीही लेख लिहावयास बसले की पहिल्या परिच्छेदातच लेखणी अडते. पुष्कळदा असा लेख पिकाच्या महत्त्वापासून सुरू होतो, किडीच्या शास्त्रीय नावावरून औषधांच्या यादीकडे वळतो आणि सर्व माहिती अचूक असूनही वाचकाच्या हाती काही लागत नाही. उणीव ज्ञानाची नसते. लेखनापूर्वीच्या नियोजनाची असते.

कीटकशास्त्राच्या दृष्टीने पाहता कीडविषयक लेखाचा आराखडा निसर्गाने आधीच आखून ठेवलेला असतो. किडीचे जीवनचक्र लेख केव्हा प्रसिद्ध व्हावा हे ठरवते आणि शेतकऱ्याला शेतात जे ज्या क्रमाने दिसते तो क्रम लेखाची बांधणी ठरवतो. नवोदित लेखकाने या दोन गोष्टी पक्क्या धरल्या तर शब्द आपोआप जागेवर बसतात.

कागदावर चार ओळी

लेखास आरंभ करण्यापूर्वी चार प्रश्नांची उत्तरे प्रत्येकी एका ओळीत लिहावीत.

1. हा लेख कोणासाठी आहे? ‘शेतकऱ्यांसाठी’ हे उत्तर पुरेसे नाही. ‘कोरडवाहू कपाशी घेणारा, पाठीवरचा पंप वापरणारा शेतकरी’ हे उत्तर झाले.
2. वाचून झाल्यावर त्याने कोणती एक कृती करावी?
3. ती कृती कोणत्या आठवड्यात करावयाची आहे?
4. ती केली नाही तर काय नुकसान होईल?

या चार ओळी लिहिता आल्या नाहीत तर विषय अद्याप पुरेसा लहान झालेला नाही असे समजावे. ‘आंब्यावरील किडी व त्यांचे व्यवस्थापन’ हा पुस्तकाच्या प्रकरणाचा विषय आहे. ‘पिठ्या ढेकणाची पिल्ले झाडावर चढण्यापूर्वी खोडाला पट्टी बांधणे’ हा लेखाचा विषय आहे.

जीवनचक्र हेच वेळापत्रक

लखनौजवळील मलिहाबाद व काकोरीचा पट्टा दशहरी आंब्यासाठी प्रसिद्ध आहे. मलिहाबादी दशहरीस भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. याच परिसरात रहमानखेडा येथे केंद्रीय उपोष्ण बागवानी संस्था आहे. येथील बागायतदारास दरवर्षी ज्या किडींना तोंड द्यावे लागते त्यांपैकी एक म्हणजे आंब्यावरील पिठ्या ढेकूण, ड्रोसिका मँगिफेरी. लेखाचे नियोजन कसे करावे हे समजण्यासाठी ही कीड उत्तम उदाहरण ठरते.

या किडीची वर्षाला एकच पिढी होते. एप्रिल-मे महिन्यांत पूर्ण वाढलेल्या माद्या झाडावरून खाली उतरतात आणि बुंध्याभोवतीच्या मातीत अंडी घालतात. उन्हाळा व पावसाळा ही अंडी जमिनीतच काढतात. थंडी पडू लागली की डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास पिल्ले बाहेर पडतात आणि खोडावरून चालत वर चढतात. पुढे ती कोवळे शेंडे, मोहर व फळांचे देठ यांतील रस शोषतात. त्यांच्या शरीरातून स्रवणाऱ्या चिकट द्रवावर काळी बुरशी वाढते. अंगावर पांढऱ्या मेणचट भुकटीचे आवरण चढले की फवारणीचा प्रभाव पुष्कळच कमी होतो.

या चक्रात शेतकऱ्याच्या दृष्टीने मोक्याचा क्षण एकच आहे: पिल्ले जमिनीतून निघून खोडावर चढू लागण्यापूर्वीचा. म्हणून डिसेंबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात खोडाभोवती सुमारे 25 सेंटीमीटर रुंदीची, 400 गेज जाडीची प्लास्टिकची पट्टी जमिनीपासून साधारण 30 सेंटीमीटर उंचीवर बांधण्याची शिफारस केली जाते. पट्टीच्या दोन्ही कडा सुतळीने आवळतात आणि खालच्या कडेला ग्रीस लावून फटी बंद करतात. गुळगुळीत पट्टीवरून पिल्लांना वर जाता येत नाही.

आता लेखाची तारीख उलट मोजत यावी. पट्टी डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात बांधावयाची, तर प्लास्टिक, सुतळी व ग्रीस आणण्यासाठी आणि मजूर ठरविण्यासाठी दोन आठवडे हवेत. म्हणजे लेख डिसेंबरच्या आरंभी वाचकाच्या हाती पडला पाहिजे आणि नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत लिहून झाला पाहिजे. मोहरावर पांढरे पुंजके दिसू लागल्यावर फेब्रुवारीत आलेला तोच लेख, एकही अक्षर चुकीचे नसताना, त्या वर्षापुरता निरुपयोगी ठरतो.

बांधणी: जे आधी दिसते ते आधी

नवोदित लेखकाची पहिली ओळ बहुधा ‘आंबा हा फळांचा राजा आहे’ अशी असते. ज्याची उपजीविका आंब्यावर आहे त्याला हे सांगण्याचे कारण नाही. त्याऐवजी आरंभ असा करता येईल:

‘डिसेंबरचा चौथा आठवडा संपण्यापूर्वी बागेतील प्रत्येक झाडाच्या खोडाला प्लास्टिकची पट्टी बांधा. पिठ्या ढेकणाची पिल्ले याच सुमारास जमिनीतून वर चढू लागतात. ती मोहरापर्यंत पोहोचल्यावर केलेला खर्च फारसा कामी येत नाही.’

तीन वाक्यांत कृती, वेळ आणि कारण आले. ज्याला पुढे वाचावयास सवड नाही त्याच्याही पदरात मुख्य गोष्ट पडली. त्यानंतरचा क्रम शेतकऱ्याच्या निरीक्षणाप्रमाणे ठेवावा. प्रथम ओळख: कीड कशी दिसते, कोठे शोधावी, कोणत्या दुसऱ्या गोष्टीशी घोटाळा होऊ शकतो. मग तपासणी: किती झाडे, कोणत्या वेळी, काय मोजावे. मग निर्णय: किती आढळल्यास उपाय करावा आणि किती असल्यास थांबावे. मग उपाय: आधी मशागतीचे व यांत्रिक, मग जैविक, शेवटी रासायनिक. अखेरीस खबरदारी. जीवनचक्राचे तपशील स्वतंत्र परिच्छेदात कोंबण्याऐवजी ज्या उपायाचे ते कारण आहे त्या उपायाशेजारी द्यावेत. ‘उन्हाळ्यात आळ्यातील माती खणून उलथवा’ या वाक्यापाठोपाठ ‘कारण अंडी तेथेच असतात आणि उन्हाने नष्ट होतात’ असे आले की जीवशास्त्र वाचकाच्या लक्षात राहते.

‘कीड दिसताच’ म्हणजे किती?

कृषिलेखांतील सर्वांत महागडे वाक्य म्हणजे ‘कीड दिसताच फवारणी करावी’. एक अळी दिसली तरी कीड दिसलीच. ‘आवश्यकतेनुसार’ आणि ‘योग्य प्रमाणात’ हे शब्दही त्याच जातीचे. निर्णय जेथे अवघड असतो नेमके तेथेच ते वाचकाला एकटे सोडतात.

कपाशीवरील गुलाबी बोंडअळीविषयी महाराष्ट्रात दिला जाणारा सल्ला याउलट पाहण्यासारखा आहे. कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री प्रतिसापळा आठ किंवा अधिक पतंग आढळणे ही आर्थिक नुकसानीची पातळी मानली जाते. बोंडांच्या बाबतीत ही पातळी दहा टक्के आहे. पण शेतकऱ्याला टक्केवारी सांगत नाहीत. शेताचे प्रतिनिधित्व करतील अशी वीस झाडे निवडून प्रत्येकाचे एक हिरवे बोंड तोडावे, ती भुईमुगाच्या शेंगेप्रमाणे टिचवून पाहावीत आणि दोन बोंडे किडकी निघाली तर उपाय करावा, असे सांगतात. शास्त्र तेच, परंतु टक्केवारीचे रूपांतर वीस बोंडांत आणि प्रयोगशाळेतील कृतीचे रूपांतर रोजच्या हातसवयीत झाले आहे. भुईमुगाची शेंग कशी टिचवावी हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही.

परिमाणांचेही तसेच. संशोधन अहवाल हेक्टरमध्ये बोलतो, महाराष्ट्रातील शेतकरी एकर व गुंठ्यांत विचार करतो, तर उत्तर प्रदेशात बिघ्याचा हिशेब चालतो आणि बिघ्याचे माप प्रदेशागणिक बदलते. हेक्टरी पाच सापळे म्हणजे एकरी दोन, हे गणित वाचकावर न सोपवता लेखकानेच करून द्यावे. औषधाचे प्रमाण किती लिटर पाण्यासाठी आणि कोणत्या प्रकारच्या पंपासाठी आहे हे त्याच वाक्यात यावे.

महाराष्ट्रात 2008 च्या खरिपात सोयाबीनवर पाने खाणाऱ्या अळ्यांचा मोठा उद्रेक झाला. त्यानंतर 2009 पासून कीड-रोग सर्वेक्षण व सल्ला प्रकल्प, म्हणजेच क्रॉपसॅप, सुरू झाला. शेतातील नोंदी आधी आणि सल्ला नंतर, हे त्याचे सूत्र. एकट्या लेखकानेही हेच सूत्र पाळावे. आपल्या परिसरातील चार-पाच शेतांतील मोजणी हाती असल्याशिवाय ‘प्रादुर्भाव वाढला आहे’ असे लिहू नये.

शेवटी उरणारी जागा

खबरदारीचा भाग लेखाच्या अखेरीस येतो आणि जागा अपुरी पडली की तोच प्रथम कापला जातो. 2017 च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो जणांना विषबाधा झाली आणि सुमारे वीस शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. डोक्याच्या वर गेलेली कपाशी, दमट हवा, संरक्षक साधनांचा अभाव, कीटकनाशकांची मनाने केलेली मिश्रणे अशी कारणे तेव्हा चर्चिली गेली. यांपैकी प्रत्येक कारणावर लेखातील एखाद-दुसरे वाक्य काही सांगू शकते. ते वाक्य गाळण्याचा अधिकार लेखकाला नाही.

म्हणून आराखडा करतानाच खबरदारीसाठी जागा राखून ठेवावी आणि तिच्यात किमान पाच गोष्टी याव्यात. कीटकनाशक त्या पिकावर त्या किडीसाठी नोंदणीकृत आहे का, हे केंद्रीय कीटकनाशक मंडळ व नोंदणी समितीच्या यादीवरून लिहितेवेळी पडताळावे. जुन्या पुस्तिकेवरून उतरवू नये. फवारणी व काढणी यांत किती दिवसांचे अंतर हवे ते आकड्यात द्यावे. डब्यावरील त्रिकोणाच्या रंगाचा अर्थ सांगावा: लाल सर्वाधिक विषारी, त्यानंतर पिवळा, निळा आणि हिरवा. शिफारस नसलेली मिश्रणे करू नयेत हे स्पष्ट लिहावे. विषबाधेची लक्षणे दिसल्यास काम थांबवून, कपडे बदलून, अंग धुऊन, डब्यासह दवाखाना गाठावा हेही लिहावे. कारण डब्यावरील माहितीवरूनच डॉक्टरांना उपचाराची दिशा मिळते.

प्रदेश बदलला की लेख बदलतो

आंतरजालावर आज कोणत्याही राज्याची शिफारस क्षणात सापडते आणि भाषांतराचा मोह होतो. वर सांगितलेला पट्टीचा उपाय मराठीत उतरवून रत्नागिरीच्या हापूस बागायतदाराला दिला तर काय होईल? त्याच्या मोहराला प्रामुख्याने तुडतुडे व फुलकिडे सतावतात. तुडतुडा उडतो, खोडावरची पट्टी त्याला अडवू शकत नाही. नाशिकच्या द्राक्ष बागायतदारासही ‘पिठ्या ढेकूण’ हे नाव परिचित आहे. परंतु द्राक्षावरील ढेकूण वेगळ्या जातीचा असून तो खोडाच्या सुट्या सालीखाली लपतो. नाव एक, कीटक निराळे, सवयी निराळ्या आणि म्हणून उपायही निराळे. लेखाच्या पहिल्या तीन ओळींत पीक, प्रदेश आणि हंगाम यांचा स्पष्ट उल्लेख असावा. त्यामुळे दुसऱ्या प्रदेशातील वाचक वेळीच सावध होतो.

वर्षाची आखणी

एक लेख साधला की वर्षाचे वेळापत्रक करावे. महाराष्ट्रातील लेखकासाठी ते काहीसे असे होईल. वळवाच्या पावसानंतर हुमणीचे भुंगेरे संध्याकाळी कडुलिंब व बाभळीवर जमतात, म्हणून ते गोळा करण्याविषयीचा लेख एप्रिलच्या अखेरीस. मका उगवताच लष्करी अळीची तपासणी सुरू करावी लागते, म्हणून तो लेख पेरणीपूर्वी. कपाशीतील कामगंध सापळ्यांचा जुलैच्या मध्यापर्यंत. हरभऱ्यावरील घाटेअळीसाठी पक्षीथांब्यांचा नोव्हेंबरमध्ये. आंब्यावरील फळमाशीसाठी दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने विकसित केलेल्या ‘रक्षक’ सापळ्याचा, फळे पक्व होऊ लागण्यापूर्वी. वर्षाला असे पाच-सहा लेख वेळेवर आले तर ते पंचवीस अवेळी लेखांपेक्षा अधिक उपयोगी ठरतात.

लेख पूर्ण झाल्यावर तो प्रसिद्धीस पाठविण्यापूर्वी त्या पिकाच्या एखाद्या शेतकऱ्याला वाचून दाखवावा आणि एवढेच विचारावे: ‘आता उद्या तुम्ही काय कराल?’ त्याचे उत्तर आपण कागदावर लिहिलेल्या दुसऱ्या ओळीशी जुळले तर लेख तयार आहे. जुळले नाही तर शब्द बदलण्याआधी आराखडा पुन्हा पाहावा. दोष बहुधा तेथेच सापडतो.