खिडकी क्रमांक ८०८०

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

संगणकाच्या पडद्यावर इंग्रजी मजकुराची एखादी चौकट अचानक उमटली, की भलीभली माणसे हबकतात. चौकटीत काय लिहिले आहे ते कुणी वाचत नाही. कुणी घाईघाईने ती बंद करतो, कुणी संगणकच बंद करून पुन्हा सुरू करतो आणि शेवटी 'व्हायरस आलाय' असा निर्णय देऊन यंत्र दुरुस्तीला धाडले जाते. महाविद्यालये आणि कचेऱ्यांमधली नेटवर्क सांभाळण्याचे काम मी बरीच वर्षे करते आहे. हा प्रकार मी इतक्या वेळा पाहिला आहे, की आज त्याच विषयावर आपल्याशी बोलायचे ठरवले. विशेषतः दोन प्रकारच्या संदेशांबद्दल. एक 'प्रॉक्सी सर्व्हर'चे आणि दुसरे 'पोर्ट' अडल्याचे.

प्रॉक्सी हा शब्द आपल्याला नवा नाही. मित्राच्या नावाने वर्गात हजेरी देणे म्हणजे 'प्रॉक्सी मारणे', हे कॉलेजात गेलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते. संगणकाच्या जगातली प्रॉक्सी मात्र राजरोस असते. आपण मुखत्यारपत्र देऊन एखाद्याला आपल्या वतीने काम करायला नेमतो ना, तसेच हे. कचेरीतल्या पन्नास संगणकांनी थेट इंटरनेटवर न जाता एका मध्यस्थाकडे मागणी नोंदवायची आणि त्याने बाहेर जाऊन हवे ते पान आणून द्यायचे. जिनिव्हाजवळच्या 'सर्न' या संशोधन संस्थेत वेब जन्माला आले. तिथल्याच सर्व्हरमध्ये १९९४ च्या सुमारास ही सोय करण्यात आली. १९९६ साली 'स्क्विड' नावाचा विनामूल्य प्रॉक्सी प्रोग्रॅम आला आणि जगभरच्या महाविद्यालयांत तो पोचला. बाहेरची लाइन तेव्हा मंद आणि महाग होती. एकाने आणलेले पान साठवून ठेवून दुसऱ्याला देणे हा मोठा फायदा होता. आता बहुतेक मजकूर कुलूपबंद होऊनच येतो, त्यामुळे साठवणीचे महत्त्व कमी झाले आहे. पण कोण कुठे जाते याची नोंद आणि नियंत्रण यासाठी प्रॉक्सी आजही लागते.

आता पोर्ट म्हणजे काय? एखाद्या मोठ्या बँकेची इमारत डोळ्यांसमोर आणा. इमारतीला पत्ता एकच, पण आत खिडक्या अनेक. पैसे भरायची वेगळी, पासबुकाची वेगळी. संगणकाचेही तसेच आहे. त्याचा आयपी पत्ता म्हणजे इमारत आणि पोर्ट म्हणजे खिडकीचा क्रमांक. हे क्रमांक ६५,५३५ पर्यंत जातात, कारण क्रमांकासाठी १६ बिट एवढीच जागा ठेवलेली आहे. १०२३ पर्यंतचे क्रमांक ठरावीक कामांसाठी राखलेले असतात. साध्या वेब पानासाठी ८०, सुरक्षित पानासाठी ४४३. या क्रमांकांची वही जॉन पोस्टेल हे संगणकतज्ज्ञ १९९८ साली त्यांचे निधन होईपर्यंत वर्षानुवर्षे सांभाळत होते. फिनलंडच्या टाटू युलोनेन यांनी १९९५ साली दूरच्या संगणकावर सुरक्षितपणे काम करण्यासाठी 'एसएसएच' हा प्रोग्रॅम लिहिला. त्यासाठी त्यांनी २१ आणि २३ च्या मधला रिकामा २२ क्रमांक मागून घेतला. तोच आजही चालतो. स्क्विडचा नेहमीचा क्रमांक ३१२८, पण ८०८० वर बसवलेल्या प्रॉक्सीही पुष्कळ सापडतात. लिनक्सवर १०२४ च्या आतली खिडकी घ्यायला सहसा व्यवस्थापकाचे अधिकार लागतात, म्हणून ८० ची आठवण करून देणारा ८०८० लोकप्रिय झाला.

खिडकीचा नियम साधा आहे. एका खिडकीत एकच कारकून. एसटीच्या सीटवर खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात, तसा जो प्रोग्रॅम आधी येईल तो पोर्ट धरतो. दुसरा आला, की त्याला उत्तर मिळते, 'ॲड्रेस ऑलरेडी इन यूज'. म्हणजे जागा धरलेली आहे. विंडोजवर हाच निरोप १००४८ या क्रमांकाने येतो, लिनक्सवर ९८ या क्रमांकाने. कधी कधी तर प्रवासी उतरून गेलेला असतो आणि रुमाल तेवढा सीटवर राहिलेला असतो. बंद केलेला प्रोग्रॅम लगेच सुरू करायला गेल्यावर जागा अडलेली दिसते ती बऱ्याचदा यामुळेच. मिनिटभर थांबले, की काम होते. 'परमिशन डिनाइड' असे उत्तर आले, तर मात्र बहुधा जागा कुणी धरलेली नसते. तिथे बसायचा अधिकार तुम्हाला नाही, एवढाच त्याचा अर्थ.

प्रॉक्सीचे निरोपही असेच वाचता येतात. बहुतेक निरोपांना तीन आकडी क्रमांक असतो. चारशेच्या घरातला क्रमांक सांगतो, की मागणाऱ्याच्या बाजूने काही राहिले आहे. ४०७ म्हणजे प्रॉक्सीला तुमचे नाव आणि पासवर्ड हवा आहे. कचेरीतला पासवर्ड बदलला आणि ब्राउझरमध्ये जुनाच साठवलेला राहिला, की हा हमखास दिसतो. ४०३ म्हणजे मागणी कळली, पण ती द्यायची नाही. पाचशेच्या घरातला क्रमांक सांगतो, की अडचण पलीकडे आहे. ५०२ म्हणजे मध्यस्थाला पुढून वेडेवाकडे उत्तर आले. ५०३ म्हणजे सेवा तूर्त उपलब्ध नाही, गर्दी फार आहे. ५०४ म्हणजे मध्यस्थ वाट पाहून थकला. मोठ्या संकेतस्थळांच्या दारातही असा मध्यस्थ बसलेला असतो, त्यामुळे घरून इंटरनेट वापरणाऱ्यालाही हे क्रमांक भेटतात. निकालाच्या दिवशी पाचशेच्या घरातला क्रमांक दिसला तर आपल्या संगणकातले काहीही बदलू नका. थोडे थांबा.

आणखी दोन शब्द ओळखून ठेवा. 'रिफ्यूज्ड' आणि 'टाइम्ड आउट'. पहिल्यात सहसा इमारत जागेवर आहे, तिथून तात्काळ उत्तरही आले, पण त्या खिडकीत कुणी बसलेले नाही. दुसऱ्यात उत्तरच आले नाही. पत्ता चुकला असेल, तार तुटली असेल किंवा मधल्या फायरवॉलने मागणी गुपचूप गिळली असेल. म्हणून 'प्रॉक्सी सर्व्हर इज रिफ्यूजिंग कनेक्शन्स' असे दिसले, तर आधी पोर्टचा क्रमांक बरोबर लिहिला आहे का आणि प्रॉक्सीचा प्रोग्रॅम चालू आहे का, एवढेच पाहायचे.

हे सगळे एकत्र कसे गुंतते याचे एक उदाहरण सांगते. २००९ सालची गोष्ट. एका महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत परीक्षेचे अर्ज भरायचा शेवटचा दिवस होता. दुपारी भारनियमनात वीज गेली, आली आणि त्यानंतर चमत्कार झाला. कुठलेही संकेतस्थळ उघडा, पडद्यावर एकच पान. त्यावर मांजराचे चित्र आणि अभिनंदनाचा मजकूर! आतली पाने मागितली, तर ४०४, म्हणजे 'सापडले नाही'. बाहेर मुलामुलींची रांग, कुणी तालुक्याहून एसटीने आलेले. साइट हॅक झाली, विद्यापीठाचा सर्व्हर बसला, अशा वावड्या उठल्या. काही मुले तर परत जायला निघाली होती.

मी तिथे पोचले तेव्हा एकच प्रश्न विचारला, 'हे पान बोलते आहे कोण?' उत्तर पानाच्या तळाशी छापलेले होते. अपाची टॉमकॅट. विद्यापीठाचे संकेतस्थळ आणि आमचा स्क्विड या दोघांपैकी कुणीही बोलत नव्हते. टॉमकॅट हा जावा प्रोग्रॅम चालवणारा वेगळाच सर्व्हर आहे आणि त्याचा नेहमीचा पोर्ट ८०८०. कुणीतरी प्रकल्पासाठी तो प्रॉक्सीच्याच यंत्रावर बसवला होता आणि यंत्राबरोबर आपोआप सुरू व्हावा अशी तजवीज केली होती. एरवी स्क्विडने ८०८० आधीच धरलेला असल्यामुळे तो मुकाट राहायचा. वीज गेल्यावर यंत्र नव्याने सुरू झाले आणि या वेळी मांजराने आधी रुमाल टाकला. स्क्विड सुरूच होऊ शकला नाही. त्याच्या नोंदवहीत, म्हणजे लॉगमध्ये, तशी नोंदही होती. जागा धरलेली आहे, क्रमांक ९८. टॉमकॅट थांबवला, स्क्विड सुरू केला, नंतर टॉमकॅटला ८०८१ दिला. दहा मिनिटांचे काम. रांग पुढे सरकली आणि सर्वांचे अर्ज त्याच संध्याकाळी भरून झाले.

असे झगडे अजूनही होतात. एके काळी स्काइप ८० आणि ४४३ हे पोर्ट धरून बसायचा आणि घरी वेब सर्व्हर शिकणारी मुले हैराण व्हायची. मे २०२५ मध्ये स्काइप बंद झाले. पण २०२१ साली ॲपलच्या मॅकवर आलेल्या नव्या प्रणालीत एअरप्लेच्या सोयीने ५००० हा पोर्ट घेतला आणि तोच क्रमांक वापरणारे कितीतरी प्रोग्रॅमर कोड्यात पडले.

जागा कुणी धरली हे शोधणे अवघड नाही. विंडोजच्या काळ्या चौकटीत 'नेटस्टॅट' लिहून जागा सोडा, मग आडवी रेघ आणि तिला जोडून ए, एन, ओ ही इंग्रजी अक्षरे लिहा. शेवटच्या रकान्यात प्रोग्रॅमचा क्रमांक येतो. तो टास्क मॅनेजरमध्ये पाहिला, की नाव कळते. लिनक्सवर 'एसएस' आणि मॅकवर 'एलएसओएफ' या आज्ञा हेच काम करतात. मात्र नाव कळल्याबरोबर त्या प्रोग्रॅमचा गळा दाबू नका. तो कशासाठी आहे ते आधी पाहा. एखादे वेळी आपलाच प्रोग्रॅम आधीपासून चालू असतो आणि आपण तो दुसऱ्यांदा सुरू करत असतो. दोन्ही हवे असतील, तर एकाचा क्रमांक बदलावा.

शेवटी तीन गोष्टी जपून ठेवा. पहिली पैशांची. बिल किंवा शुल्क भरताना ५०४ आला, तर लगेच दुसऱ्यांदा पैसे भरू नका. मध्यस्थाला उत्तर मिळाले नाही एवढेच तो सांगतो. पलीकडे काम झालेलेही असू शकते. आधी बँकेचे खाते तपासा. दुसरी गोष्ट, घरी प्रॉक्सी नसताना प्रॉक्सीचा संदेश आला, तर सेटिंगमध्ये जाऊन बघा. काही उपद्रवी प्रोग्रॅम तिथे गुपचूप १२७.०.०.१ हा पत्ता लिहून ठेवतात. या पत्त्याचा अर्थ 'मी स्वतः'. अँटीव्हायरस त्या प्रोग्रॅमला काढतो, पण पत्ता तसाच राहतो आणि इंटरनेट ठप्प होते. ती नोंद काढली, की झाले. तिसरी गोष्ट, अडचण टाळायला कुठलीतरी अनोळखी फुकट प्रॉक्सी वापरू नका. मुखत्यारपत्र आपण रस्त्यावरच्या माणसाला देतो का?

पुढच्या वेळी चौकट उमटली, तर ती बंद करण्यापूर्वी कागद-पेन्सिल घ्या आणि मजकूर क्रमांकासह जसाच्या तसा उतरवून घ्या. निरोप कोण देतो आहे, कुठल्या खिडकीबद्दल देतो आहे आणि ती खिडकी सध्या कुणाकडे आहे, हे तीन प्रश्न विचारा. उत्तर तुम्हाला सापडले नाही, तरी तो कागद दुरुस्तीला येणाऱ्याच्या हातात द्या. त्याचे निम्मे काम तुम्हीच केलेले असेल.