कार्डावरील पैसे परत मागितले म्हणून कंपनीने नकार दिला तर?

आज आपल्या घरातील मुले-मुली स्पर्धा परीक्षेचा ऑनलाइन क्लास लावतात, पुस्तके मागवितात, तिकिटे काढतात, ती बहुधा कार्डावर. कार्डाच्या व्यवहारात पैसे आधी जातात आणि माल किंवा सेवा मागाहून येते. कधी ती येतच नाही, तर कधी एकाच खरेदीचे पैसे दोनदा कापले जातात. अशा वेळी बँकेकडे तक्रार करून पैसे परत मिळविता येतात, हे पुष्कळांना ठाऊक झाले आहे. परंतु पैसे परत मिळाल्यावर तीच कंपनी ग्राहकाचे खाते बंद करून 'यापुढे आपणाशी व्यवहार नाही' असे कळवू शकते, याची कल्पना फार थोड्यांना असते. कंपनीला असे करता येते काय, आणि आपण काय करावे, हे सभासदांनी व विद्यार्थ्यांनी समजून घेणे आवश्यक आहे.

प्रथम पद्धत पाहू. कार्डाच्या व्यवहारात ग्राहक, त्याची बँक, विक्रेता, विक्रेत्याची बँक आणि या बँकांना जोडणारी व्हिसा, मास्टरकार्ड किंवा रुपे यांसारखी यंत्रणा असे पाच पक्ष असतात. ग्राहकाने तक्रार केली की त्याची बँक या यंत्रणेमार्फत विक्रेत्याच्या बँकेकडून रक्कम मागे घेते. यास 'चार्जबॅक' म्हणतात. विक्रेत्याला पुरावा देऊन तो खोडून काढता येतो.

या हक्काला कायद्याचा आधार अमेरिकेत १९७४ साली 'फेअर क्रेडिट बिलिंग ॲक्ट'ने दिला. क्रेडिट कार्डाच्या बिलात चूक असल्यास बिल पाठविल्यापासून ६० दिवसांत लेखी हरकत घेण्याची सोय त्यात झाली. असा हक्क प्रामाणिकपणे बजावला म्हणून कर्ज देणाऱ्या संस्थेने कोणास डावलू नये, अशी तरतूदही तेथे १९७६ साली दुसऱ्या एका कायद्यात करण्यात आली. हक्क बजावणाऱ्यावर राग निघतो, हे कायदा करणाऱ्यांनी ओळखले होते. मात्र हे संरक्षण कर्ज देणाऱ्या संस्थांपुरते आहे. माल विकणाऱ्या कंपनीला ते बांधत नाही.

मग कंपनी नकार का देते? प्रत्येक चार्जबॅकमागे विक्रेत्याला रकमेखेरीज वेगळे शुल्क भरावे लागते. चार्जबॅकचे प्रमाण वाढले तर त्याच्यावर दंड बसतो, प्रसंगी कार्ड स्वीकारण्याची सोयही जाते. काही लोक माल घेऊनही खोटी तक्रार करतात, हेही खरे आहे. त्यामुळे अनेक कंपन्यांचे संगणक तक्रार करणाऱ्याच्या नावापुढे 'धोका' अशी खूण करून मोकळे होतात. ग्राहक खरा होता की खोटा, हे तपासण्याची तसदी कोणी घेत नाही.

आपल्या देशात खाजगी कंपनीने प्रत्येकाला माल विकलाच पाहिजे, असा सर्वसाधारण कायदा नाही. तरीही तिच्या मर्जीला तीन मर्यादा आहेत.

पहिली मर्यादा संविधानाची. अनुच्छेद १५(२) प्रमाणे धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान या कारणावरून कोणालाही दुकानात प्रवेश नाकारता येत नाही. येथील 'दुकान' या शब्दाचा अर्थ व्यापक असून सेवा देणाऱ्यांचाही त्यात समावेश होतो, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी २९ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत स्पष्ट केले होते. पैशाच्या वादातून आलेला नकार या अनुच्छेदात बसत नाही. परंतु वादाचे निमित्त करून जातीवरून नकार दिला गेला असेल, तर तो बसतो.

दुसरी मर्यादा ई-कॉमर्स नियम, २०२० यांची. ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपनीने तक्रार निवारण अधिकारी नेमावा, त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यावी व एका महिन्यात निवारण करावे, असा नियम आहे. ग्राहकांच्या हक्कांना बाधा येईल अशी मनमानी वर्गवारीही करता येत नाही.

तिसरी मर्यादा सर्वांत महत्त्वाची. पुढचा व्यवहार नाकारणे वेगळे आणि ज्याचे पैसे आधीच घेतले ते अडवून ठेवणे वेगळे. समजा, एका विद्यार्थिनीने वर्षाच्या क्लासची फी भरली आणि ती दोनदा कापली गेली. तिने फक्त जादा रक्कम परत मिळविली. आता क्लासने पुढच्या वर्षी प्रवेश नाकारला तर वाद घालणे कठीण आहे. पण चालू वर्षाचे पाठ बंद केले तर ती सेवेतील त्रुटी ठरू शकते. योग्य कारणाशिवाय एकतर्फी करार संपविण्याची मुभा देणारी अट ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे 'अनुचित करारा'त मोडते. त्याविरुद्ध राज्य आयोगाकडे दाद मागता येते.

म्हणून पुढील क्रम ध्यानात ठेवावा.

१. वाद मालाचा किंवा सेवेचा असेल तर प्रथम कंपनीकडे लेखी तक्रार करून तिचा क्रमांक जपावा. परंतु व्यवहार आपण केलेलाच नसेल तर क्षणभरही न थांबता बँकेला आणि १९३० या सायबर मदत क्रमांकाला कळवावे.

२. बँकेकडे जाण्यापूर्वी बिले, पावत्या, पत्रव्यवहार व अभ्याससाहित्य उतरवून घ्यावे. खाते बंद झाल्यावर ते हाती लागत नाही.

३. जेवढ्या रकमेचा वाद आहे तेवढीच मागावी. कंपनीने पैसे परत दिले असतील तर बँकेकडील तक्रार मागे घ्यावी. दोन्हीकडून पैसे घेणे ही फसवणूक होय.

४. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिले नाही किंवा तक्रार फेटाळली, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क जाता येते. लोकपाल बँकेची चूक पाहतो, कंपनीची नव्हे.

५. कंपनीने खाते बंद केल्यास कारण लेखी मागावे, शिल्लक रक्कम व राहिलेली सेवा मागावी. दाद न मिळाल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आणि पुढे जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावे. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारास तेथे शुल्क नाही, आणि वकील लावलाच पाहिजे असेही नाही.

नकाराच्या भीतीने आपले कष्टाचे पैसे सोडून देणे योग्य नाही. एक कंपनी गेली तर दुसरी मिळते. मात्र तक्रार खरी हवी आणि कागद हाती हवेत. खोट्या तक्रारींमुळे खऱ्या ग्राहकांवरही संशय येतो, आणि कागद नसले तर खरा माणूसही आयोगापुढे निरुत्तर होतो.