विनादोष दायित्व आणि मोटार अपघातग्रस्त
चालकाचा दोष सिद्ध न करता मिळणारी भरपाई म्हणजे विनादोष भरपाई होय. १९८२ मध्ये मोटार वाहन कायद्यात कलम ९२-अ समाविष्ट होऊन मृत्यूसाठी १५,००० रुपये निश्चित झाले. १९८७ मध्ये पुणे-बंगळूर महामार्गावर उलटलेल्या पेट्रोल टँकरचा काही तासांनी स्फोट झाला. उलटलेल्या वाहनाचा ‘वापर’ कसा, हा आक्षेप सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये फेटाळला.

१ एप्रिल २०२२ पासून कलम १६४ नुसार मृत्यूसाठी ५ लाख, तर गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपयांची तरतूद आहे. कलम ९२-अ ची रक्कम अंतरिम होती; आता मात्र कलम १६४ ची भरपाई विहित पद्धतीने स्वीकारल्यास न्यायाधिकरणापुढील दावा संपुष्टात येतो. म्हणून अहिल्यानगर जिल्ह्यातील अपघातग्रस्त कुटुंबांना हा भेद स्वीकृतीपूर्वीच ज्ञात असणे अगत्याचे आहे.