मण्यारीचं विष नेमकं कुठे बसतं?

घोडेगावहून पश्चिमेला डिंभे धरणाच्या वर भीमाशंकरकडे निघालं की भातखाचरांचा मुलूख सुरू होतो. पावसाळ्यात मण्यारीची भीती इथे घरोघरी. ती रात्री फिरते आणि जमिनीवर अंथरूण टाकून झोपलेल्या माणसाला चावते. दंश बहुधा दुखत नाही, सूज येत नाही, दाताची खूणही अनेकदा सापडत नाही. पहाटे पोटात कळ येते, मग पापण्या मिटू लागतात. घरच्यांना वाटतं, झोप झाली नसेल. पुढे एकाची दोन माणसं दिसतात, घोट गिळवत नाही, मान धरवत नाही, शेवटी श्वास अडखळतो.

गंमत अशी की माणूस तेव्हाही शुद्धीवर असतो. बोललेलं ऐकू येतं, चिमटा काढला तर कळतो. फक्त काहीच हलवता येत नाही. असं का, हे समजून घेताना आपली चेतासंस्था बऱ्यापैकी उलगडते.

पायाचा अंगठा हलवणारी एक चेतापेशी घ्या. तिचा पेशीकाय, म्हणजे केंद्रक असलेला मुख्य भाग, पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत असतो. त्यावर फुटलेल्या आखूड वृक्षिका इतर पेशींचे निरोप घेतात. पुढे निरोप नेणारा अक्षतंतू मात्र थेट पावलापर्यंत जातो. जवळजवळ मीटरभर लांबीची ही एकच पेशी! असे हजारो तंतू संयोजी ऊतीच्या वेष्टणात एकत्र बांधले की चेता तयार होते. बोकडाच्या मांडीचं मटण साफ करताना जो पांढरा, चिवट दोर हाताला लागतो, तो तीच. भेजा कापला तर कडेला करडा आणि आत पांढरा भाग दिसतो. करड्यात पेशीकाय दाटलेले असतात, पांढऱ्यात अक्षतंतू.

पांढरा रंग मायलिनचा. चेताश्लेष्म पेशी हे मेदयुक्त आवरण अक्षतंतूभोवती गुंडाळतात. हातापायांच्या चेतांमध्ये हे काम श्वान पेशी करतात. आवरणात ठरावीक अंतरावर फटी असतात. अक्षतंतूच्या पडद्यातून सोडियम आत आणि पोटॅशियम बाहेर जाताना विजेची जी लाट उठते, ती या फटींवरून उड्या मारत जाते. त्यामुळे पायाच्या स्नायूंकडे जाणारा निरोप सेकंदाला 50 मीटरच्या आसपास धावतो. वेदनेच्या काही तंतूंना मायलिन नसतं, त्यांचा वेग मीटरभरच. ठेच लागल्यावर धक्का आधी कळतो आणि ठणका मागून येतो तो यामुळे.

मण्यारीचं विष मुख्यतः घात करतं ते अक्षतंतूच्या शेवटच्या टोकाशी. तिथे चेता आणि स्नायू एकमेकांना चिकटलेले नसतात. मध्ये मिलिमीटरच्या वीस हजाराव्या भागाएवढी फट असते. वीज ती ओलांडत नाही. टोकात ॲसिटिलकोलिन या रसायनाच्या सूक्ष्म पिशव्या भरलेल्या असतात. निरोप पोहोचला की कॅल्शियम आत शिरतं, पिशव्या फुटतात, रसायन पलीकडच्या ग्राहींवर जाऊन बसतं आणि स्नायू आकुंचन पावतो. लगेच एक विकर ते रसायन तोडून जागा मोकळी करतं.

नागाचं विष पलीकडचे ग्राही अडवतं. मण्यारीचं विष त्याशिवाय अलीकडचं टोकच उद्ध्वस्त करतं: पिशव्या रिकाम्या होतात, नव्या भरत नाहीत. पापणी आणि डोळ्यांचे लहान, सतत कामातले स्नायू आधी हार खातात. मेंदू वाचतो, कारण रक्त आणि मेंदूची ऊती यांच्यामध्ये अडसर असतो, विषाचे मोठे प्रथिन-रेणू तो सहजी ओलांडू शकत नाहीत. चिमटा कळवणाऱ्या चेता पुढच्या पेशीला निरोप देतात तेही मज्जारज्जूच्या आत, त्याच अडसराच्या पलीकडे.

उपचाराचं गणितही इथूनच निघतं. प्रतिसर्पविष रक्तात फिरणाऱ्या विषाला निकामी करतं. मोडलेलं टोक ते जोडून देत नाही. म्हणून नागदंशात, जिथे टोक शाबूत असतं, रसायन तोडणाऱ्या विकराला थोपवणारं निओस्टिग्मिनचं इंजेक्शन पुष्कळदा पापण्या उघडून दाखवतं, मण्यारीत त्याचा भरवसा नाही. टोकं पुन्हा उगवतात, पण त्याला दिवस, कधी आठवडे लागतात. तोवर श्वास यंत्राने चालू ठेवावा लागतो. नारायणगावचे डॉ. सदानंद राऊत या पट्ट्यात वर्षानुवर्षं सर्पदंशाचे रुग्ण बघत आले आहेत आणि वेळेत दवाखाना गाठा हे गावोगाव सांगत आले आहेत. माझ्या मते या सगळ्या शास्त्रातून घरी न्यायची गोष्ट तेवढीच आहे.

तेव्हा जमिनीवर झोपायची वेळ आलीच तर मच्छरदाणी अंथरुणाखाली नीट खोचा. पहाटे कुणाचं पोट दुखून पापण्या जड झाल्या, तर खूण शोधत बसू नका, दोरी बांधू नका, देवळात नेऊ नका. 108 ला फोन लावा, आणि वाटेत माणूस निपचित पडला तरी तो सगळं ऐकतोय हे लक्षात ठेवून त्याच्याशी बोलत राहा.