नाताळचे ताट

दिवाळीचा फराळ शेजारी पोचल्याखेरीज तुम्हाला सण झाल्यासारखा वाटतो का? गोव्याच्या खेड्यांतल्या ख्रिस्ती घरांतही तसेच आहे. नाताळचे गोडधोड ताटात भरून शेजारी पाठवायचे, या रीतीला तिथे कोंसुआद म्हणतात. शब्द पोर्तुगीज, नाताळसारखाच. ताटातली नेवरी मात्र तुम्ही लगेच ओळखाल. ती आपली करंजीच!

त्यातला दोदोल हे एकटीचे काम नव्हे. नारळाचे दूध, तांदळाचे पीठ आणि माडाचा काळा गूळ मोठ्या कढईत घालून मंद आचेवर तासन्‌तास ढवळायचे. मिश्रण आळू लागले की हात भरून येतात. मग शेजारीण पुढे होते. कडेने तेल सुटेपर्यंत ढवळणे थांबवायचे नाही. आता अडचण आहे ती गुळाची. माडावर चढून सूर काढणारे रेंदेर कमी झाले, मुले त्या धंद्यात उतरत नाहीत, म्हणून माडाचा गूळ सहज मिळत नाही. पुष्कळ घरी दोदोल विकतचा येतो. चवीचे एक वेळ चालेल हो, पण ढवळायला शेजारीण येत असे, तिचे काय?

ताट हिंदू शेजाऱ्यांकडेही जाते आणि चतुर्थी-दिवाळीला तिकडून फराळ येतो. ज्या घरचे माणूस त्या वर्षी गेले असेल, तिथे नाताळला गोडाची कढई चढत नाही. त्या घरी ताट शेजाऱ्यांकडून येते. उलट ताटाची वाट त्या वर्षी कोणी पाहत नाही.